बाबांच्या रूटवरचे उभे गोटे

या सहलीचं कारण वांगी. फेब्रुवारीत एका सकाळी दादाचा फोन आला. बाबांनी बोरगाव मेघेच्या चौकात मोपेडनं भाजीच्या हातगाडीला धडक दिली होती. वांगी रस्ताभर झाली आणि भाजीवाला थोडक्यात वाचला. बाबांचं म्हणणं, हातगाडी एकदम मधे आली. दादाचं म्हणणं, हातगाडी रोज तिथंच उभी असते.

माझे बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. आयुष्यभर त्यांनी आर्वी डेपोची एसटी चालवली, आणि कधी कुणाला ओरखडाही गेला नाही, हे ते ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत सांगतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू निघाला. यात समोरचं बरेच दिवस नीट दिसतं, पण बाजूचं हळूहळू पुसलं जातं, आणि पुसलं गेलंय हे माणसाच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. बाबांनी डोळ्यांतले थेंब ड्युटीसारखे घड्याळ लावून घातले आणि मोपेड चालवतच राहिले.

"तू ये एकडाव," दादा म्हणाला. "माहं आयकत नाईत ते. किल्ली मागतली का जेवत नाईत."

चार दिवसांची रजा टाकून मी पुण्याहून वर्ध्याची रेल्वे पकडली. घरी पोचले तर बाबा ओट्यावरच बसले होते, जणू साक्ष द्यायला.

"किल्ली पाह्यजे ना तुले?" मी चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"देतो. पन एक डाव मले माह्या रुटनं फिरवून आन. आर्वीवरून कारंज्याची गाडी चालवली मी अकरा वर्सं. रिटायर झाल्यावर त्या रस्त्यानं गेलोच नाई. दिसते तवर पाहू दे." मग लगेच, आपण काही बोललोच नाही अशा थाटात, "दादाच्या गाडीत हवा पाहून घेजो. मांगचं डावं चाक बसलेलं दिसते."

स्वयंपाकघरात वहिनी चहा टाकत होती. दादानं मला दाराआड ओढलं. "दुसरी किल्ली बी हाये त्याइच्यापाशी. कुठं ठेवली ते सांगत नाईत. एक तुले देतीन अन् दुसरीनं चालवतीन, पाहून घे."

म्हणजे सौदा मुळातच कच्चा होता. तरी मी हो म्हटलं. मला गाडी चालवायला आवडते, वर्धा जिल्हा फेब्रुवारीत फार देखणा असतो, आणि बाबांनी माझ्याकडे काही मागायची ही पहिलीच वेळ होती.

*

"आपली गाडी सहा-दहाची," बाबांनी रात्रीच बजावलं होतं. बरोबर सहा-दहाला आम्ही बोरगाव मेघेतून निघालो. दादाची नऊ वर्षांची छोटी कार, मागच्या सीटवर पाण्याच्या चार बाटल्या, वहिनीनं बांधून दिलेले धपाटे आणि लोणचं. तुम्ही बाहेरून येणार असाल तर वर्धा स्टेशनच्या बाहेर भाड्यानं गाडी मिळते. आर्वीपर्यंत एसटीही भरपूर आहेत, पण पुढच्या आडरस्त्याला स्वतःची गाडी हवी.

वर्ध्याहून आर्वीला जायला दोन रस्ते आहेत, एक पुलगावकडून आणि एक आंजी-खरांगण्याकडून. आम्ही दुसरा घेतला. रस्ता चांगला आहे, दीड तास धरा. शेतात कापसाची पऱ्हाटी उपटून ठेवलेली, हरभरा पिवळा पडायला लागलेला, आणि बांधाबांधावर पळस. एकही पान नाही, नुसतं केशरी. आंजीच्या पुढे मी काचा खाली केल्या. सकाळची हवा अजून गार होती, दहा वाजेनंतर ती राहत नाही.

बाबांच्या शेजारी बसून गाडी चालवणं हा वेगळाच प्रकार आहे. वळण यायच्या आधी त्यांचा उजवा पाय खाली ब्रेक शोधतो. "गेअर उतरव," ते म्हणायचे, आणि खरोखर पुढे वळण यायचं. "आता डाव्या हाताले निंबाचं झाड यीन, त्याच्याखाली थांबा हाये." निंबाचं झाड काही आलं नाही. रस्ता रुंद झाला, तेव्हा गेलं असणार. बाबा मान वळवून मागे बघत राहिले.

"थांबा बी नेला का बाप्पा यायनं?"

"पुढं नेला असंन, बाबा."

"पुढं म्हंजे कुठं? म्हतारे लोकं कुठं उभे राह्यतीन?"

खरांगण्याला चहा घेतला. तिथून थोडं पुढे रस्त्यावर एक नवा गतिरोधक होता, त्याची बाबांना कल्पना नव्हती, मलाही दिसला नाही. गाडी उडाली. बाबांनी एवढंच म्हटलं, "हा माह्या टायमाले नव्हता." मी हसले, तेही हसले. वर्ध्यापासून तोवर त्यांचे खांदे वर चढलेले होते, ते तिथं खाली आले.

आर्वीत पोचलो तेव्हा बाजार नुकता उघडत होता. बसस्टँडजवळ तर्री पोहे खाल्ले. वीस रुपये प्लेट, आणि तर्री मागाल तितकी. सांभाळून मागा, तिखट आहे. बाबांनी दोन प्लेटी खाल्ल्या आणि मग शर्टाची बटणं तपासून डेपोच्या फाटकाकडे निघाले. मी मागून.

आत कुणीच त्यांना ओळखलं नाही. ओळखणार कोण, सगळी पोरं नवी. एका तरुण ड्रायव्हरला बाबांनी विचारलं, "मधल्या रस्त्यानं कारंज्याची गाडी जाते का आता?"

"जाते ना काका. सकाळी एक फेरी. बाकीच्या हायवेनं जातात." तो घाईत होता, पण नीट बोलला. "काऊन? जाचं हाये का?"

"मी चालवत होतो ते."

"असं व्हय? मंग त मोडनी न् मोडनी, सारे वळनं माहीतच असंन तुमाले." त्यानं हात जोडले आणि गाडीत चढला.

बाबा जरा वेळ फलाटावर उभे राहिले. मग ते म्हणाले, "पोट्टा बरा हाये. हॅन्डल सैल धरते. चांगला डायवर हॅन्डल सैलच धरते."

*

आर्वीत टाकी भरून घ्या, पुढे पंप नाही. पाणी घ्या, टोपी घ्या. फोनची रेंज पहिल्या टेकडीनंतर जाते ती कारंज्याच्या अलीकडेच येते. आर्वीहून पूर्वेला टेकड्यांत शिरणारे तीन-चार रस्ते आहेत. आमचा कोणता ते सांगत नाही, कारण पुढे येईलच.

रस्ता एकेरी, डांबर कडेनं खाल्लेलं. समोरून ट्रॅक्टर आला की एकानं मातीत उतरायचं. सागाची पानं गळून खाली कुरकुरीत थर झाला होता. मला कळलं की बाबा आता मनातल्या मनात गाडी चालवताहेत. प्रत्येक चढाला त्यांची मूठ गिअरवर असल्यासारखी वळायची.

एका लांब वळणावर, जिथं रस्त्याखाली डावीकडे नाला आहे, ते म्हणाले, "हे पाहे. पीडब्ल्यूडीचे खांब."

"कुठले खांब?"

"त्या नाल्यापल्याड. थप्पी लावून ठेवले. मी या रुटले लागलो तवापासून पडून हायेत, कोनी उचलत नाई. कंडक्टरले म्हनत जाव मी, सरकारचा पैसा पाहा कसा नाल्यात गेला. सारी गाडी हासत होती."

मी नजर टाकली. नाल्याच्या पलीकडच्या काठावर, पळसांच्या मागे, करड्या रंगाचे उभे खांब एकाला एक चिकटून ओळीत उभे होते. दोन मजली घराएवढी उंची. वरचं टोक कापल्यासारखं सपाट. मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"काऊन थांबली?"

"बाबा, ते पीडब्ल्यूडीचे नाहीत."

मला हे इतक्या खात्रीनं सांगता आलं, कारण तीन वर्षांपूर्वी मी कर्नाटकात मालप्याच्या किनाऱ्यावरून बोटीचं तिकीट काढून एका बेटावर असलेच दगड बघायला गेले होते. उन्हात रांगेत उभी राहिले होते, फोटो काढले होते, या ब्लॉगवर त्याचं भलंमोठं वर्णनही लिहिलं होतं. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात, सहा बाजूंचे, पाच बाजूंचे खांब तयार होतात. आणि इथं, माझ्या बापानं अकरा वर्षं रोज ज्यांच्या शेजारून पन्नास माणसं नेली, ते खांब बिनतिकीट उभे होते.

"लाव्हा म्हंजे ज्वालामुखीचा?" बाबा म्हणाले. "आपल्या इथं?"

"हो. आपली सगळी काळी माती त्याचीच."

ते काचेतून बघत राहिले. मग दार उघडून पाय खाली टाकले.

"तुम्ही इथंच बसा," मी म्हटलं. "मी फोटो काढून आणते. उतार वाईट आहे."

"फोटो?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गाडीला कुलूप लावून पुढे झाले.

उतार खरंच वाईट होता. सुटे गोटे, खाली वाळलेलं गवत, त्याखाली काय ते दिसत नाही. मी पुढे, बाबा मागे, त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर. अर्ध्या उतारापर्यंत ठीक चाललं. मग मी एका फांदीला धरायला हात पुढे केला, माझा खांदा सरकला, आणि बाबांचा उजवा पाय एका दगडावर आदळला. तो दगड चांगला गुडघाभर उंच होता, भर उन्हात उघड्यावर. ते आडवे झाले आणि घसरत चार-पाच हात खाली गेले.

मी खाली धावले. बाबा उताणे पडले होते, डोळे उघडे, उजव्या कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालेलं.

"बाबा! डोकं लागलं का? बोला ना!"

"नाई लागलं. थांब. उठू दे."

"उठू नका! कुणी सांगितलं होतं उतरायला? मी म्हटलं होतं ना बसा म्हणून!" मी ओरडत होते, आणि ओरडता ओरडता रडायला लागले होते. आजूबाजूला कुणी नाही, फोनला रेंज नाही, वर गाडीपर्यंत त्यांना एकटीनं न्यायचं कसं, एवढंच डोक्यात.

"कोन हाये वो तिकडं?" पलीकडच्या काठावरून एका बाईचा आवाज आला.

ती नाल्यातल्या पाण्यातून सरळ चालत आली. साठीच्या आसपासची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात विळा. तिनं आधी बाबांचा पाय दाबून पाहिला, मग गुडघा, मग खांदा. "मोडलं नाई काई," ती म्हणाली. "पोरी, रडू नोको. तो कंबरमोडीचा पाला तोड, तो, पिवळ्या फुलाचा." तिनं तो हातावर चोळून त्याचा हिरवा रस जखमेवर पिळला. बाबांनी दात आवळले.

तिचं नाव शेवंताबाई. शेत तिचंच, नाल्याला लागून तीन एकर, तूर काढून झाली होती. नवरा आणि मुलगा जंगलात तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी झुडपं छाटायच्या कामाला गेले होते. तिनं आम्हाला शेतातल्या मांडवाखाली नेलं, म्हणजे बाबांना एका बाजूनं तिनं धरलं आणि एका बाजूनं मी, आणि माठातलं पाणी दिलं. बाबांनी पाणी पिऊन, "मी या रस्त्यानं एसटी चालवत होतो," असं सुरू केल्यावर ती थबकली.

"साडेबाराची गाडी?"

"तेच."

"तुमी वाजवत होते ना मोडनीवर? एक लांब अन् दोन बारके?" तिनं तोंडानं तसा आवाज काढून दाखवला. "आमी त्याच्यावर जेवाले बसत होतो. घड्याळ कोनापाशी होतं? गाडी वाजली का भाकर सोडाची. मंग एक डाव गाडी बंद झाली त आमचा मानूस म्हने, आता उपाशीच राह्यलो आपन."

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. मग जोरात हसले, आणि हसताना कोपर दुखलं म्हणून विव्हळले, आणि पुन्हा हसले.

*

मला तर वाटत होतं की आता परत जावं. पण बाबा उठून उभे राहिले. "एवढं सालटं काढून घेतलं, अन् गोटे न पाहता जाऊ?" शेवंताबाईनं त्यांना नाल्याच्या बाजूनं सोप्या वाटेनं नेलं. त्या बाजूनं उतार नाहीच. आधी विचारलं असतं तर पडलेच नसते.

मग जवळून ते खांब बघितले. मालप्याचे मला आता बुटके वाटतात. इथं चाळीसेक खांब, काही माझ्या मांडीएवढे जाड, काही कमरेएवढे, कडा इतक्या सरळ की सुतारानं रंधा मारावा. एका टोकाला खालचा नाला त्यांच्या बुडाशी शिरलाय आणि काही खांब निखळून आडवे पडलेत, तिथं त्यांची सपाट डोकी फरशीसारखी एकाला एक जुळलेली दिसतात. फटींतून पाणी झिरपतं, तिथं शेवाळ आणि छोटी फुलपाखरं. ऊन वर चढलं होतं तरी दगड गार.

"आमी याले उभे गोटे म्हनतो," शेवंताबाई म्हणाली. "माही सासू म्हने, हे कोनी बनवले नाईत, हे असेच उगवले. वैशाखात बी इथलं पानी आटत नाई. गाव भरते इथून."

बाबा एका आडव्या खांबापाशी बसले. त्यांनी तळहात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बोटानं कडेकडेनं फिरायला लागले. "एक. दोन. तीन. चार. पाच. सा." मग शेजारचा. "हा पाचच बाजूचा." मग तिसरा. मी फोटो काढायचं सोडून बघत बसले. ते डोळ्यांनी नव्हतेच बघत.

तळ्यातला गाळ वाळला की त्याला कशा भेगा पडतात, तसंच हे, पण भेगा खोल खोल खाली गेलेल्या, असं मी त्यांना समजावलं. मी काही यातली जाणकार नाही. पुण्याला परतल्यावर ओळखीच्या भूगोलाच्या सरांना फोटो दाखवले, तेव्हा त्यांनी हे असंच असतं म्हणून दुजोरा दिला आणि जागा कुठली म्हणून चारदा विचारलं.

"किती लोकाइले मी खोटं सांगतलं," बाबा म्हणाले. "अकरा वर्सं."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"माहीत नव्हतं त गप राहाचं ना." शेवंताबाई पाणी भरायला जरा लांब गेली होती. "तो दगड मले दिसलाच नाई, पोरी. मांगचा. ज्याच्यावर पाय लागला. तू म्हनशीन लक्ष नव्हतं. लक्ष होतं. तिथं दगडच नव्हता माह्यासाठी."

"माहीत आहे, बाबा."

"वांग्याची गाडी बी नव्हती."

आम्ही दोघंही त्या आडव्या खांबावर बसलो होतो. खाली पाणी वाजत होतं.

"त्या गाडीवाल्याचा लेक मांगं उभा होता म्हने," ते म्हणाले. "दादानं सांगतलं नाई तुले. मलेच सांगतलं." त्यांनी हातावरचा हिरवा पाला नखानं उगाच सरकवला. "दुसरी किल्ली तांदळाच्या कोठीत हाये. खाली हात घालजो, कापडात बांधली हाये. दोन्ही ठेव तुह्यापाशी. दादापाशी नोको, त्याच्याकडून मी मागून घेईन."

मी त्यांच्या चांगल्या हातावर हात ठेवला. दोन वर्षं आम्ही तिघं या माणसाशी भांडलो होतो, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या नाचवल्या होत्या. एका दगडानं ते काम केलं, आणि त्या दगडाला आम्ही कुणी काही शिकवलं नव्हतं.

निघताना मी शेवंताबाईला विचारलं, इथले फोटो लोकांना दाखवले तर चालतील का.

"फोटो दाखव ना. पन गावाचं नाव नोको टाकू, बाई. मांगं पल्याडच्या टेकडीवर लोकं यायले लागले गाड्या घेऊन. बाटल्या फोडून गेले. आमच्या बैलाच्या खुरात काच गेला, पंधरा दिवस उभा नव्हता राह्यत. अन् हे पेयाचं पानी हाये."

म्हणून नाव नाही. टिप्पण्यांमध्ये विचारू नका, मी सांगणार नाही. ज्याला खरंच बघायचंय त्यानं आर्वी-कारंजा भागातले आडरस्ते फेब्रुवारीत फिरावेत. पानं गळालेली असतात, नाले दिसतात, आणि माणसं भेटतात. विचारा, ऐका, आणि आपला कचरा आपल्या गाडीत परत न्या. पावसाळ्यात नाला भरलेला असतो, तेव्हा उतरू नका.

शेवंताबाईनं वाटेत खायला सोले दिले, ओंजळभर हिरवा हरभरा. आम्ही तिला धपाट्यांचा डबा रिकामा करून दिला. गाडी सुरू करताना बाबांनी माझ्या हातावर हात ठेवून थांबवलं आणि हॉर्न दाबला. एक लांब, दोन बारके. खालून तिच्या हसण्याचा आवाज आला. साडेबारा वाजायला तेव्हा दहा मिनिटं होती.

कारंज्यात एका दवाखान्यात हाताला पट्टी करून घेतली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, आणि स्टँडसमोर गाड्यावर संत्र्यांचा रस प्यायलो. कारंज्याच्या संत्र्यांबद्दल मी वेगळं लिहायची गरज नाही, फेब्रुवारीत जा आणि डझनानं घ्या. तिथून हायवेनं तळेगावचा घाट उतरून आर्वीमार्गे अंधार पडायच्या आत घरी. वहिनीनं पट्टी बघून तोंडावर हात ठेवला. बाबा म्हणाले, "पायवाट चुकलो," आणि जेवायला बसले.

तांदळाच्या कोठीत किल्ली होती.

*

दुसऱ्या दिवशी हात ठणकत होता, तरी बाबा घरी बसायला तयार नव्हते. गिरडला जायचं म्हणाले. जाम चौरस्त्यावरून समुद्रपूर, मग गिरड. बोरगाव मेघेहून दोन तास धरा, रस्ता उत्तम आहे. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा, सगळ्या जातीधर्माची माणसं, वर जायला पायऱ्या आहेत आणि गाडीरस्ताही. चादर, फुलं, नारळ खालीच मिळतं. सकाळी लवकर जा, दुपारी फरशी तापते.

गिरडच्या गोल दगडांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. एका व्यापाऱ्यानं फरीदबाबांची चेष्टा केली आणि त्याच्या मालाचे दगड झाले, अशी गोष्ट सांगतात. टेकडीवर ते अजून सापडतात. बाबांनी त्यांतला एक उचलून तळहातावर फिरवला आणि शेजारी उभ्या असलेल्या नागपूरच्या कुटुंबाला सांगायला सुरुवात केली, की आपला सारा मुलूख ज्वालामुखीचा आहे, आणि दगड थंड होताना आकसतो, गाळासारखा. त्यातलं निम्मं बरोबर होतं. निम्मं त्यांनी जागेवर बनवलं. त्या कुटुंबातल्या आजोबांनी अत्यंत आदरानं विचारलं, "आपण प्रोफेसर का?"

"नाई, डायवर," बाबा म्हणाले.

मी मधे पडून गोष्ट दुरुस्त करणार होते, मग सोडून दिलं. खाली उतरताना मात्र ते स्वतःच म्हणाले, "गोल दगडाचं मले माहीत नाई बरं का. विचारून सांगजो मले. उगाच नोको अजून कोनाले फसवायले." आणि या वेळी प्रत्येक पायरीला त्यांनी न सांगता माझा हात धरला, उजव्या बाजूनं.

*

आता पुण्यात परतून तीन आठवडे झाले. फोटो बघताना लक्षात आलं की एकाही फोटोत बाबांचा चेहरा नाही. सगळीकडे पाठ, वाकलेली मान, आणि दगडावर टेकलेला तळहात. मला आधी वाईट वाटलं. आता तसं वाटत नाही. मी देशात बरंच फिरलेय, आणि जिथं गेले तिथं बघायला काय आहे याची यादी घेऊन गेले. आपल्या घरापासून दीड-दोन तासांवर काय आहे हे कधी विचारलं नाही, कारण ते आपलंच आहे असं वाटायचं. बाबांनी नाही विचारलं, कारण त्यांना वेळापत्रक होतं. मला काय होतं?

डोळ्यांचं म्हणाल तर मागच्या आठवड्यात तपासणी झाली. डावा डोळा तेवढाच आहे, उतरला नाही. उजव्याचं गेलं ते आता परत येणार नाही. मी किल्ल्या पाठवल्यावर मोपेड दादानं गावातल्या एका शिक्षिकेला विकली. मला भीती होती की बाबा घरात बसून कुढतील. दादा सांगतो, दोन दिवस कुढले. तिसऱ्या दिवशी सकाळी कपडे करून चौकात गेले, भाजीवाल्याकडे, आणि त्याच्या पोराला बिस्किटाचा पुडा देऊन आले. काय बोलले ते कुणाला सांगितलं नाही.

काल सकाळी मी ऑफिसला निघाले होते, त्यांचा फोन आला. मागे गर्दीचा आवाज, कुणीतरी थांब्यांची नावं ओरडतंय.

"कुठं आहात, बाबा?"

"आर्वीले. डेपोत. तो उभ्या गोट्याचा फोटो मोठा करून धाड मले. त्या पोट्ट्याले दाखवाचा हाये, तो सैल हॅन्डलवाला. त्याले म्हटलं, त्या मोडनीवर गाडी जराशी हळू घेत जाय अन् लोकाइले खरं सांगत जाय. म्हने, काका, तुमीच सांगा ना, मले रस्त्याकडे पाहा लागते."

"एकटे गेलात? हात बरा आहे का? जेवलात का? परत कसे येणार?"

"संध्याकाळच्या गाडीनं. अवं, आयकून राह्यली का तू? ठेव आता फोन. मांगून गर्दी यायच्या आधी कारंज्याच्या गाडीत खिडकी भेटली मले."

आणि त्यांनी फोन ठेवला.